बसणं सोपं, उठणं अवघड

मी बागेतला बाक बोलतोय, आणि वैतागून बोलतोय, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे मध्येच कोणी "अरे, एवढा चिडतोस कशाला?" असं म्हणायला नको. आयुष्यभर लोकांचं ओझं वाहिलं, त्याची तक्रार नाही. बाकाचा जन्मच त्यासाठी. पण माझ्या अंगावर काय असावं हे ज्यांनी ज्यांनी ठरवलं, त्यांतलं कोणीही कधी माझ्यावर घटकाभर टेकलं नाही, हे मात्र माझ्या हाडांना आजही सलतं.

माझी हाडं बिडाची. ओतशाळेत वाळूच्या साच्यात तापलेलं बीड ओतलं आणि माझ्या दोन्ही बाजू तयार झाल्या. खाली पाय, वर पाठ टेकायला मागे कललेला खांब, आणि पुढे आलेले दोन हात. पाय आजही तेच आहेत. पाठीचं आणि हातांचं काय झालं ते पुढे येईलच.

सुरुवातीला माझ्या अंगावर सागाच्या पट्ट्या होत्या. ते माझं बालपण म्हणा. लाकूड उन्हात फार तापत नाही, थंडीत फार गारठत नाही, बसणाऱ्याला पटकन आपलं म्हणतं. पण लाकूड माणसासारखंच आहे, त्याला अधूनमधून कोणीतरी विचारावं लागतं. तेलाचा एक हात फिरवला तर वर्षानुवर्षं साथ देतं. माझ्यावर उद्घाटनाच्या दिवशी फिरवला, त्यानंतर कोणी ढुंकून पाहिलं नाही. पट्ट्या काळ्या पडल्या, उभ्या चिरल्या, आणि एके दिवशी एका वजनदार गृहस्थांच्या मांडीत लाकडाची कूस गेली. ते ओरडले ते थेट बागेच्या ऑफिसात जाऊन.

झालं. लाकूड वाईट ठरलं. दगड आला.

घोटीव दगडाची जाडजूड लादी माझ्यावर ठेवली. तिचं वजन पेलावं म्हणून खाली विटांची भिंत बांधली. पाठ काढून टाकली, कारण म्हणे दगडाला पाठ शोभत नाही. हिवाळ्यात माणसं बसायची आणि चटका बसल्यासारखी उठायची, इतका तो गार. उन्हाळ्यात दिवसभर खाल्लेलं ऊन तो संध्याकाळी बसणाऱ्याला व्याजासकट परत करायचा. आणि ती विटांची भिंत! तिच्यामुळे बसणाऱ्याला पाय मागे घ्यायला जागाच नाही. पाय मागे घेतल्याशिवाय माणसाला उठता येत नाही. पटत नसेल तर आत्ता बसल्या जागी करून बघा. तरण्याताठ्याची फजिती होते, तिथं म्हाताऱ्यांची काय कथा.

मग दगड वाईट ठरला. स्टील आलं.

माझं पहिलं दुखणं हेच. लाकूड टोचतं म्हणून दगड, दगड गार म्हणून स्टील. नवं काय घालायचं ते दर वेळी जुन्याची खोड बघून ठरलं. बसणाऱ्याकडे बघून कधीच नाही.

स्टीलच्या वेळी विटांची भिंत गेली, पाठ परत आली, त्याबद्दल आभार. पण बैठक चार बोटं खाली उतरवली आणि मागे उतरती केली. "असं रेलून बसलं की आराम वाटतो," कोणीतरी म्हणालं. वाटतो ना! बसताना वाटतोच. माझी तक्रार उठण्याबद्दल आहे. वरून स्टील असं गुळगुळीत आणि चकचकीत की माणसाचं तोंड दिसावं. करड्या फरशीवर करडा बाक. म्हाताऱ्या डोळ्यांना बाक कुठं संपतो आणि फरशी कुठं सुरू होते, ते चाचपून बघावं लागायचं.

आणि त्याच वेळी माझे हात कापले.

का? तर बाकावर कोणी झोपू नये म्हणून. ज्या कोणाच्या डोक्यातून हे निघालं त्याला माझा दंडवत. हात होते तेव्हा झोपणारा बिचारा पाय पोटाशी घेऊन कसाबसा आडवा व्हायचा. हात गेले आणि त्याला पाय लांब करता आले. दुपारी काम शोधून थकलेली माणसं माझ्यावर झोपली तर मला त्यात वावगं वाटत नाही, पण ज्यांनी झोप थांबवायला हात कापले, त्यांनी एकदा तरी दुपारी येऊन बघायचं होतं!

याच काळात माझ्याकडे दोघी विहिणी येऊ लागल्या.

एक नर्सबाई, एक टेलिफोनबाई. नावं असतीलच, पण बागेत त्यांना याच नावांनी ओळखायचे. नर्सबाई म्हणजे मुलाची आई, आयुष्यभर इस्पितळात हाडांच्या वॉर्डात नोकरी केलेली. उंच, रुंद, आवाज खर्जातला. टेलिफोनबाई म्हणजे मुलीची आई. एकेकाळी एक्स्चेंजमध्ये बसून गावोगावचे फोन जोडून द्यायच्या. अंगानं चिमणीएवढ्या, पण आवाज असा स्वच्छ की तळ्यापलीकडे ऐकू जावा. दोघींचे नवरे गेलेले. मुलगा, सून आणि नात नर्सबाईंसोबत वरच्या मजल्यावर राहायचे आणि त्याच इमारतीत तळमजल्यावर टेलिफोनबाई एकट्या. मुलं कामावर आणि नात शाळेत गेली की दोघी एकमेकींवर नाक मुरडत बागेत यायच्या आणि एकाच बाकावर बसायच्या. बाग एवढी मोठी, बाक एवढे. पण नाही! वेगळं बसल्या तर भांडणार कोणाशी?

"काल नातीला दोन-दोन स्वेटर घालून पाठवलंत, विहीणबाई. घामानं निथळत आली पोर," नर्सबाई सुरुवात करायच्या.

"निथळत आली, शिंकत तर नाही ना आली? माझ्याकडून गेलेलं मूल कधी शिंकत नाही."

"तुमच्याकडून गेलेलं मूल हलू शकत नाही. शिंकणार कुठून?"

हे असं तासभर. मध्ये थर्मासमधला चहा, तोही एकीनं केलेला दुसरीला अगोड नाहीतर गुळचट. चहा प्यायचा, नावं ठेवायची आणि दुसरा कप मागायचा. निघताना मात्र एक गंमत व्हायची. नर्सबाई आधी दणकन उठायच्या, मग न बोलता हात पुढे करायच्या, आणि टेलिफोनबाई त्याच हाताला धरून, भांडण चालू ठेवत, उभ्या राहायच्या. माझे हात गेल्यापासून ते काम नर्सबाईंचा हात करत होता. मला त्याची लाज वाटायची, पण इलाज नव्हता.

तिसरे एक गिऱ्हाईक होते घड्याळवाले आजोबा. घड्याळं दुरुस्त करून करून पाठीला बाक आलेला. म्हणजे बाकावर बाक, असं ते स्वतःच म्हणायचे आणि स्वतःच हसायचे. अंगावर मांस नाही, नुसती हाडं. त्यांना साखरेचा आजार होता आणि पायांना फारसं काही जाणवायचं नाही. एका दुपारी ते अर्धी चड्डी घालून माझ्यावर बसले. मी तापलो होतो. मी मनातल्या मनात ओरडत होतो, "उठा, अहो उठा!" पण त्यांना पत्ताच नाही. दुसऱ्या दिवशी नर्सबाईंनी त्यांच्या पोटरीमागे टरटरून फुगलेला फोड पाहिला.

"हे कशानं झालं?"

"काय झालं?" आजोबा मान वळवून बघू लागले.

नर्सबाईंनी माझ्यावर पालथा हात टेकवला आणि चटकन काढून घेतला. मग आजोबांना घेऊन दवाखान्यात गेल्या. माझ्या जन्मात मी कोणाला इजा केली ती अशी, आणि त्यात माझी इच्छा कोणी विचारली नव्हती.

यानंतर जे झालं, त्यानं मात्र माझा तोल पार सुटला.

त्या सकाळी माळ्यानं हिरवळीला पाणी लावलं होतं आणि फवाऱ्याचे थेंब माझ्यावर उडालेले होते. दोघी आल्या. नर्सबाईंनी रुमालानं बैठक पुसली, पण कडा ओलीच राहिली. टेलिफोनबाई त्या दिवशी आल्या त्याच गप्प. चहा ओतला तरी गप्प. मग एकदम म्हणाल्या, "माझ्या जावयाला तुम्ही सांगितलंत की मी गॅस चालू ठेवून बाहेर जाते?"

"ठेवलात म्हणून सांगितलं."

"एकदा ठेवला!"

"गॅसला एकदा पुरतं, विहीणबाई."

"म्हणजे आता मला वर हलवणार. तुमच्या राज्यात. माझं घर बंद करून."

"राज्य कसलं? सोबत असावी म्हणून म्हणतेय मी."

"मला नकोय सोबत." टेलिफोनबाईंचा तो स्वच्छ आवाज चिरकला. "चला, मला जायचंय."

नर्सबाई उठल्या. नेहमीसारखा हात पुढे केला.

"नको तुमचा हात," टेलिफोनबाई म्हणाल्या. "उद्या सांगाल, यांना आता उठताही येत नाही."

त्यांनी दोन्ही बाजूंना चाचपलं. माझे हात असते तर तिथं सापडले असते. नव्हते. त्यांनी ओल्या कडेवर तळवा रोवला आणि जोर केला. खोलगट, उतरती बैठक त्यांना मागे ओढत होती. त्यांनी पुन्हा जोर केला, तळवा सटकला, आणि त्या कुशीवर खाली गेल्या.

मी बिडाचा आहे. तडकण्याचा आवाज मला ओळखू येतो.

नर्सबाईंनी त्यांना उचलायचा प्रयत्न केला नाही. गुडघ्यांवर बसल्या, अंगातला स्वेटर काढून डोक्याखाली दिला आणि माळ्याला अँब्युलन्स बोलवायला पिटाळलं.

"हलू नका."

"कोण हलतंय?" टेलिफोनबाई कण्हत म्हणाल्या. "चहाचं झाकण लावा. सांडेल."

त्यांना घेऊन गेले. थर्मास माझ्यावरच राहिला होता. माळ्यानं तो उचलून ठेवला.

पुढे बरेच दिवस कोणी आलं नाही. मग एकदा नर्सबाई एकट्याच आल्या. बसल्या नाहीत. माझ्यासमोर उभ्या राहिल्या आणि माझ्या पाठीवर एक सणसणीत चापट मारली. त्यांनाच लागली असणार. मी काय, स्टील. नुसता वाजलो.

माळी थर्मास घेऊन आला. "कशा आहेत बाई?"

"खुबा मोडला. ऑपरेशन नीट झालं. डॉक्टर म्हणतात चाला. वॉकर आणून दिलाय. पण ती बाई पलंगावरून उतरायला तयार नाही. 'कुठं जायचंय मला?' म्हणते." नर्सबाई आता अखेर बसल्या, माझ्या अगदी टोकाला. "वर आणलं त्यांना. निमूट आल्या. स्वयंपाकघराला कुलूप लावते म्हटलं असतं तरी हो म्हणाल्या असत्या. काल मी मुद्दाम चहात साखरच घातली नाही. प्यायल्या आणि कप खाली ठेवला. एक शब्द नाही! माझ्याशी भांडायच्या थांबल्यात त्या. खुबा सांधेल हो, मी असे शेकडो खुबे सांधलेले पाहिलेत. पण माणूस भांडायचं थांबलं की मला भीती वाटते."

माळ्यानं थर्मास त्यांच्या हाती दिला. "बाकाचं काहीतरी करायला पाहिजे," तो म्हणाला.

नर्सबाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं की जणू त्यानं औषधाचं नाव सांगितलं.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी कळलं. नर्सबाईंनी घरी जाऊन विषय काढला. बागेच्या ऑफिसात फोन लावला तर कोणी उचलत नाही, उचललं तर दुसरीकडे जोडून देतात आणि मध्येच लाइन कापतात, अशी मुद्दाम रड केली. पलंगावरून आवाज आला, "कापतात? द्या इकडे." आणि टेलिफोनबाईंनी आडव्या पडल्या पडल्या फोन हातात घेतला. एका कारकुनानं "होल्ड करा आजी" म्हटलं, तेव्हा म्हणाल्या, "बाळा, तुझ्या जन्माच्या आधीपासून मी लोकांना होल्डवर ठेवत आलेय. तू लाइन चालू ठेव आणि साहेबांना बोलव." रोज सकाळी ऑफिस उघडलं की पहिला फोन त्यांचा. शेवटी खुद्द बागेच्या साहेबांनी कबूल केलं की नमुने मागवतो, बाग वापरणाऱ्यांसमोर ठेवतो आणि मग ठरवतो.

साहेबांना सकाळची वेळ सोयीची होती. टेलिफोनबाईंनी दुपारची, भर उन्हाची लावून घेतली.

त्या दुपारी माझ्यासमोर नमुन्यांचे बाक ओळीनं मांडले. एक सागाच्या पट्ट्यांचा. एक खरबरीत सिमेंटचा. एक माझ्यासारखा स्टीलचा. आणि एक प्लास्टिक आणि लाकडाचा भुसा मिसळून केलेल्या पट्ट्यांचा. दिसायला लाकूड, हाताला भलतंच. साहेब आले, बाकांची चित्रं काढणाऱ्या डिझायनर बाई आल्या, घड्याळवाले आजोबा पोटरीला पट्टी बांधून आले. नर्सबाईंनी फोन स्पीकरवर टाकून सागाच्या नमुन्यावर ठेवला.

"हॅलो," फोनमधून आवाज आला, "सगळे लाइनवर आहेत का? बोला."

साहेब घसा खाकरून बोलायला लागले, पण नर्सबाई मध्येच म्हणाल्या, "आधी हे सांगा, याचे हात कोणी कापले?"

साहेबांनी डिझायनर बाईंकडे पाहिलं. त्या लाल झाल्या. "माझ्या चित्रात हात होते. बैठकही वर होती. माझ्या हातून कागद गेला तेव्हा होते, बाक आला तेव्हा नव्हते."

"लोक झोपत होते," साहेब म्हणाले. "तक्रारी आल्या होत्या."

"आता जास्त झोपतात साहेब," माळी म्हणाला. "आता लांब होता येतं ना."

साहेबांनी टोपी काढून घाम पुसला आणि मग ते जे बोलले ते ऐकून, खरं सांगतो, मला त्यांची दयाच आली. "मी करू तरी काय? लाकूड दिलं तर कूस लागते म्हणता. दगड दिला, तर गार लागतो. स्टील दिलं, तर भाजतं. उद्या हे प्लास्टिक देईन, तर म्हणाल वाकतं. हवेचा बाक करून देऊ? जो येतो तो मला जुन्याचं रडगाणं ऐकवतो. काय हवंय ते कोणी सांगतं का?"

खरं होतं त्यांचं. जो तो आपलंच खरं करतो. लगेच पुरावाही मिळाला. घड्याळवाले आजोबा म्हणाले, काही द्या पण वर गादी द्या. माळी म्हणाला, गादी म्हणजे पावसाळ्यात माझं मरण. सिमेंटवर कोपर घासून आजोबांच्या पातळ कातडीतून लगेच रक्त आलं, तेव्हा सिमेंट बाद झालं. स्टीलवर कोणी हात ठेवायलाच धजेना. उरले दोन.

"हे भुशाचं घ्या," नर्सबाई म्हणाल्या. "धुता येतं. पाखरांची घाण, बुरशी, सगळं एका फडक्यानं जातं. लाकूड पाणी पितं."

फोन गप्प होता. सगळ्यांना वाटलं, लाइन कापली गेली. मग स्वच्छ, टणटणीत आवाज आला.

"काय घ्यायचं म्हणालात?"

"भुशाचं. प्लास्टिकसारखं. स्वच्छ राहतं."

"विहीणबाई, मी बागेत बसायला येते. तुमच्या वॉर्डातल्या टेबलावर पडायला नाही."

नर्सबाईंनी श्वास रोखला. डिझायनर बाई काहीतरी सांगायला निघाल्या होत्या, त्यांना नर्सबाईंनी हातानंच थांबवलं.

"लाकूड घेतलं तर तेल कोण लावणार? तुम्ही?" नर्सबाई फोनवर वाकून म्हणाल्या.

"तुम्ही आयुष्यभर सगळ्यांच्या अंगाला डेटॉल लावलंत, एका बाकाला तेल लावताना हात झिजतील का?"

"मी म्हणते तेच बरोबर आहे. तुम्हाला फोनवरून काय कळणार?"

"फोनवरून कशाला? मी येते तिथं! स्वतः बसून बघते. मी येईपर्यंत एकाही बाकाला हात लावू देऊ नका, साहेबांना सांगा. आणि वॉकर कुठं टाकलात माझा? दिवसभर घर आवरत बसता आणि माणसाची वस्तू जागेवर नाही!"

फोन खाडकन बंद झाला.

नर्सबाई मटकन सागाच्या नमुन्यावर बसल्या. तोंडावर हात धरून हसत होत्या आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. साहेब घाबरले. "बाई, भांडण झालं का? वाईट वाटून घेऊ नका..."

"भांडण झालं हो साहेब," नर्सबाई म्हणाल्या. "देवाच्या दयेनं झालं."

साहेबांना काही कळलं नाही. पण त्यांनी नमुने हलवले नाहीत, हे त्यांच्या नावावर जमा. ते बाक माझ्यासमोर तसेच राहिले, आणि त्या मुदतीत मला एक शिक्षण मिळालं. ऊन-पाऊस दोन्ही झालं. भुशाच्या पट्ट्या मधोमध पोटासारख्या सुटल्या. लाकूड भिजलं, वाळलं आणि होतं तसं राहिलं.

टेलिफोनबाई आल्या तेव्हा सोबत अख्खं घर होतं. लेक, जावई, नात, आणि एका पावलामागे चालणाऱ्या नर्सबाई. वॉकर पुढे, पाऊल पुढे, वॉकर पुढे. डिझायनर बाईही न बोलावता आल्या होत्या. स्टीलच्या बाकाजवळून टेलिफोनबाई तिकडे न बघता गेल्या. भुशाच्या बाकावर बसल्या, आणि सुटलेल्या पट्टीत अशा रुतल्या की उठवायला जावई लागला. "धुता येतं म्हणे," त्या म्हणाल्या. नर्सबाईंनी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मग सागाच्या बाकावर बसल्या. बैठकीवरून तळवा फिरवला. घड्याळवाल्या आजोबांना बोलावून शेजारी बसवलं.

"गरम लागतंय?"

"पायांना नाही कळत. हाताला कोमट लागतंय."

"तेच तर विचारतेय, हाताला."

लाकूड ठरलं. लाकूडच, पण डिझायनर बाईंनी तिथंच टेलिफोनबाईंच्या गुडघ्याजवळ मोजपट्टी धरून बैठकीची उंची घेतली, पट्ट्यांच्या कडा गोल करायच्या ठरवल्या, पट्ट्यांमध्ये पाणी गळून जाईल एवढी फट ठेवली, आणि फरशीवर बाक उठून दिसावा म्हणून गडद रंग धरला. हात पुढे बैठकीच्या कडेपर्यंत आणायचे, आणि धरायच्या जागी लोखंड नको, लाकूडच हवं, कारण थंडीत लोखंड धरवत नाही.

"मग हा जुना काढून टाकू," साहेब माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले.

एवढं सगळं सोसून शेवटी भंगारात?

डिझायनर बाई वाकून माझे पाय बघत होत्या. "याचा सांगाडा चांगला आहे. खाली मोकळी जागा आहे, पाय मागे घेता येतात. हात नट-बोल्टनं बसवता येतील."

असा मी वाचलो. स्टील सोलून काढलं, गंज घासला, सागाच्या पट्ट्या चढल्या आणि मला पुन्हा हात आले. तेलाचा ब्रश साहेबांनी माळ्याच्या हाती दिला. माळ्यानं तो जरा नाखुशीनंच घेतला, पण घेतला.

या दुरुस्तीनंतर टेलिफोनबाई पहिल्यांदा माझ्यावर बसल्या त्या सकाळी त्यांनी सगळ्यांना लांब उभं केलं. बसल्या. जरा वेळ तळ्याकडे पाहिलं. मग पाय मागे घेतले, माझे दोन्ही हात धरले, ओठ आवळले आणि अंग पुढे झोकलं. त्यांच्या तळव्यांचा जोर माझ्या लाकडातून बिडापर्यंत पोचला. मी जन्मात इतका घट्ट उभा राहिलो नसेन. त्या उठल्या. हळूहळू, पण कोणाच्या मदतीशिवाय, ताठ उभ्या राहिल्या.

नर्सबाई एव्हाना जवळ येऊन माझ्या पाठीवर हात टेकून मान खाली घालून उभ्या होत्या.

टेलिफोनबाईंनी मागे वळून पाहिलं. "रडायला काय झालं, विहीणबाई? बाक भिजेल. लाकूड पाणी पितं म्हणे."

त्या अजून वरच्या मजल्यावर राहतात. तळमजल्याची किल्ली मात्र स्वतःच्या पर्समध्ये ठेवतात आणि दुपारी दोन तास आपल्या घरी जाऊन बसतात. त्यावरून रोज वाद होतो. मला आता ते सगळं तोंडपाठ आहे.

माझं म्हणाल तर बरा आहे. डाव्या हाताचा एक बोल्ट सैल होतोय, माळ्याला दिसलाय, पण तो "उद्या बघू" म्हणतो. आणि परवा कोणीतरी नवा माणूस आला. माझ्यापुढे उभा राहून फोटो काढले आणि फोनवर कोणाला तरी सांगितलं की सगळ्या बागांत एकसारखे बाक टाकायचे ठरतंय, काचेसारखं काहीतरी आहे, फारच देखणं दिसतं. म्हणजे पुन्हा पहिल्यापासून! बसला का माझ्यावर तो? नाही. फोटो काढून गेला.

म्हणून तुम्हाला सांगतो, कारण तुम्ही तरी एवढा वेळ माझ्यावर बसून ऐकलंत. उद्या कुठं बाक निवडायची पाळी आली, तर तो कसा दिसतो ते मागाहून बघा. भर उन्हात जा, गारठ्यात जा, पाऊस पडून गेल्यावर जा. बसा. मग कोणाचाही हात न धरता उठून बघा. आणि तुमचे गुडघे अजून चांगले असतील, तर ज्यांचे दुखतात त्यांना सोबत न्या. ते आपसांत भांडतील, तुम्हाला बोलू देणार नाहीत, तुमचा जीव मेटाकुटीला येईल. येऊ द्या. माझाही आलाय.

येतो म्हणायची सोय मला नाही, मी इथंच असतो. तुम्ही निघा आता. जपून उठा, डावीकडे फार जोर देऊ नका.